एकशे सत्तावीस ओहम, साडेपंधरा मिलिअँपिअर

डेअरी बघायला आलेला पाहुणा बहुधा पाश्चरायझरच्या चकचकीत प्लेटांपाशी रेंगाळतो. मी त्याला तिथून चार पावलं पुढे, होल्डिंग ट्यूबच्या शेवटच्या टोकापाशी घेऊन जाईन. तापवलेलं दूध या नागमोडी नळीतून जाताना निदान १५ सेकंद ७२ अंश सेल्सिअसवर राहायला हवं, हा पाश्चरीकरणाचा नियम. नळी संपते तिथे एक व्हॉल्व्ह असतो. दूध पुरेसं तापलेलं असेल तर तो ते पुढे पॅकिंगकडे सोडतो, नसेल तर मागे बॅलन्स टँककडे वळवतो. त्या व्हॉल्व्हच्या जरा अलीकडे नळीत स्टेनलेस स्टीलची बोटाएवढी कांडी बसवलेली असते आणि कांडीच्या डोक्यावर फिरकीच्या झाकणाची एक डबी. प्लांटवर या सगळ्याला मिळून ‘आरटीडी’ म्हणतात. पण त्यात दोन कारागीर बसलेले आहेत. कांडीच्या टोकाशी सेन्सर, डबीत ट्रान्समीटर. दोघांच्या कामाची जातच निराळी आहे, आणि ती कशी हे जवळून बघण्यात मोठा आनंद आहे.

आधी कांडी. तिच्या टोकात प्लॅटिनमची केसापेक्षा बारीक तार गुंडाळलेली असते. तिचं नाव पीटी-१००, कारण बर्फ वितळतो त्या शून्य अंशावर तिचा विद्युतरोध बरोबर १०० ओहम असतो. तापमान वाढलं की रोध वाढतो: १०० अंशांवर १३८.५१ ओहम, आपल्या दुधाच्या ७२ अंशांवर १२७.८४. एका अंशाला जेमतेम ०.३८ ओहमचा फरक. सेन्सर एवढंच करतो. त्याला अंश माहीत नाहीत, दूध माहीत नाही, आकडा तर मुळीच माहीत नाही. धातूची तार गरम होते आणि तिच्यातून वीज जायला किंचित जास्त अडते. हा निसर्गाचा गुण आहे, आणि सेन्सर बनवणाऱ्याचं सगळं कौशल्य त्या गुणाच्या आड काहीही येऊ न देण्यात आहे.

‘आड येणं’ म्हणजे काय, ते प्लॅटिनमच्या इतिहासात दिसतं. १८७१ साली विल्यम सीमेन्स यांनी प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजण्याची कल्पना मांडली. पण त्यांच्या तापमापकाचे आकडे भट्टीत वापरल्यावर सरकत आणि परत जागेवर येत नसत. प्लॅटिनमवरचा विश्वास उडायची वेळ आली होती. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ह्यू कॅलेंडर यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि १८८७मध्ये दाखवून दिलं, की दोष धातूचा नाही. तार अशुद्ध पदार्थांपासून दूर ठेवली आणि तिच्यावर ताण येऊ दिला नाही, तर ती दर वेळी तोच रोध दाखवते. आजही चांगल्या वायर-वाउंड पीटी-१००मध्ये प्लॅटिनमचं वेटोळं सिरॅमिकच्या बारीक भोकात जवळजवळ सैल सोडलेलं असतं. तापून लांबलं तरी त्याला कुणी आवळत नाही, गार होऊन आखडलं तरी कुणी ओढत नाही. काहीही न करू देण्याची एवढी काटेकोर सोय मला दुसऱ्या कुठल्या यंत्रात दिसलेली नाही. आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणी उणे २५९ अंशांपासून ते चांदी गोठते त्या ९६१.७८ अंशांपर्यंत याच धातूच्या तापमापकावर उभी आहे. डेअरीतली कांडी त्याच घराण्यातली, अंगावर कामाचे कपडे चढवलेली.

ते कपडेही बघण्यासारखे असतात. तार आणि बाहेरची स्टीलची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड वीज जाऊ देत नाही आणि उष्णता मात्र बऱ्यापैकी जाऊ देते. टोक जितकं बारीक, तितका दुधातला बदल लवकर कळतो. म्हणून कांडीचं शेवटचं टोक अनेकदा मुद्दाम निमुळतं केलेलं असतं. कांडी नळीच्या मध्यापर्यंत आत गेलेली हवी, कारण नुसत्या भिंतीला टेकलेली कांडी दुधाबरोबर नळीचंही तापमान सांगते. ज्या प्लांटवर हे टोक विचारपूर्वक बसवलेलं असतं, तिथल्या माणसांना मापनाची कदर आहे असं मी बेलाशक समजतो.

आता डबीचं झाकण फिरवून उघडू या. कांडीतून तीन तारा वर आलेल्या दिसतात, दोन लाल आणि एक पांढरी. मोजायचा आहे एक रोध, त्याला टोकं दोन, मग तिसरी तार कशाला? या तिसऱ्या तारेवर माझा फार जीव आहे.

समजा ट्रान्समीटर नाहीच, आणि सेन्सरच्या तारा २० मीटर लांबच्या कंट्रोल पॅनेलपर्यंत नेल्या. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०३६ ओहम रोध असतो. जायचे २० मीटर आणि यायचे २० मीटर मिळून १.४४ ओहम झाले. पॅनेलवरच्या यंत्राला तांबं आणि प्लॅटिनम यातला फरक कळत नाही. त्याला १२७.८४ऐवजी १२९.२८ ओहम दिसतात आणि ७२ अंशांचं दूध ते ७५.८ अंश म्हणून दाखवतं. याचा उलटा अर्थ जास्त भीतीदायक आहे. पॅनेलवर ७२ दिसत असताना नळीतलं दूध ६८च्या आसपास असू शकतं.

तिसरी तार हा घोळ किती सोप्या रीतीने निस्तरते बघा. दोन लाल तारा सेन्सरच्या एकाच टोकाला जोडलेल्या असतात. त्यामुळे लाल ते लाल मोजलं तर मध्ये प्लॅटिनम येतच नाही, फक्त दोन तारांचा रोध मिळतो: १.४४. लाल ते पांढरी मोजलं तर तारांसकट सगळं मिळतं: १२९.२८. एकातून दुसरं वजा करा, खाली उरतं निखळ प्लॅटिनम, १२७.८४. साधा मल्टिमीटर हातात असला तरी ही वजाबाकी उभ्या उभ्या करता येते. तीनही तारा सारख्या आहेत, एवढंच त्यात गृहीत धरलेलं आहे. पांढऱ्या तारेचा स्क्रू ढिला झाला की हे गृहीतक मोडतं आणि दूध न तापताच तापमान चढलेलं दिसतं. प्रयोगशाळेत म्हणूनच चार तारा वापरतात. दोन तारांतून वीज सोडायची, उरलेल्या दोन तारांनी नुसता विजेचा दाब (व्होल्टेज) वाचायचा, आणि या वाचणाऱ्या तारांतून जवळजवळ काहीच वाहत नसल्यामुळे त्यांच्या लांबीचा प्रश्नच मिटतो. चार तारांची रीत अधिक शुद्ध खरी, पण तीन तारांची काटकसर मला जास्त सुंदर वाटते.

इथून पुढे ट्रान्समीटरचा प्रांत सुरू होतो. डबीतली ही गोल चकती जेमतेम ४४ मिलिमीटर व्यासाची असते. तिचं पहिलं काम म्हणजे सेन्सरला विचारणं. प्लॅटिनमची तार आपण होऊन काही सांगत नाही, तिच्यातून थोडी वीज सोडून दाब मोजावा लागतो. पण वीज सोडली की तार स्वतःही तापते. म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मोजमाप बिघडण्याची भीती. म्हणून ट्रान्समीटर एक मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाहाने विचारतो. एक मिलिअँपिअरला आपल्या तारेत ०.१३ मिलिवॉट उष्णता तयार होते, आणि वाहतं दूध ती क्षणात वाहून नेतं. हळू विचारलं की उत्तरही हळूच येतं: एका अंशाला ०.३८ मिलिव्होल्ट. शेजारी पंपांच्या मोटारी आणि त्यांचे ड्राइव्ह खणखणत असताना हा कुजबुजता आवाज लांब पाठवण्यात अर्थ नसतो. ट्रान्समीटर थेट सेन्सरच्या डोक्यावर बसवायचं कारण हेच. जिथे आवाज क्षीण आहे, तिथेच कान नेऊन ठेवला.

दुसरं काम नजरेतून सहज सुटतं. प्लॅटिनमचा रोध तापमानाबरोबर वाढतो, पण अगदी सरळ रेषेत नाही, रेषेला किंचित बाक असतो. शून्य ते शंभर अंशांमध्ये सरळ रेषा धरून आकडा काढला, तर ७२ अंशांचं दूध ७२.३ दिसेल. तीन दशांश अंशाने काय बिघडतं? पण दूध ७१.७ असताना पॅनेलवर ७२ उमटणार, आणि हा व्हॉल्व्ह नेमक्या याच सीमेवर निर्णय घेतो. ट्रान्समीटर कॅलेंडरचं समीकरण वापरून तो बाक सरळ करतो. चूक कुणाच्या लक्षातही आली नसती, आणि तरी ती दुरुस्त झालेली असते. अशा कामाला दाद द्यायला आपण शिकलं पाहिजे.

प्लॅटिनमऐवजी थर्मोकपल असेल तर ट्रान्समीटरवरची जबाबदारी आणखी वाढते. दोन निराळ्या धातूंच्या तारा एका टोकाशी जोडल्या आणि दोन टोकांच्या तापमानांत फरक पडला, की त्यातून सूक्ष्म दाब मिळतो. झेबेक यांनी १८२१ साली ही गोष्ट ओळखली. हजार अंशांच्या भट्टीत पीटी-१०० टिकत नाही, तिथे के जातीचं थर्मोकपल लागतं. त्याचा दाब अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. पण थर्मोकपलला फक्त फरक कळतो, भट्टीकडचं टोक डबीतल्या टोकापेक्षा किती गरम आहे एवढाच. डबीच तापलेली असेल तर? ट्रान्समीटर आपल्याच टर्मिनलचं तापमान वेगळं मोजून त्यात मिळवतो. सेन्सरला अर्धंच वाक्य बोलता येतं, पुरं ट्रान्समीटर करतो.

आणि मग तो पुढे सांगतो. माझ्या मते सगळ्या रचनेतली कारागिरी इथे कळसाला पोचते. ट्रान्समीटर दाबाने बोलत नाही, प्रवाहाने बोलतो. शून्य अंशाला ४ मिलिअँपिअर, शंभर अंशांना २०, मधलं सगळं प्रमाणात. ७२ अंशांना १५.५२. दाब पाठवला असता तर तारेच्या लांबीत तो थोडा थोडा गळाला असता. प्रवाहाचं तसं नसतं. पाटाला गळती नसेल तर वरच्या तोंडाशी जितकं पाणी, तितकंच शेवटच्या वाफ्याला मिळतं. तार शंभर मीटर असो वा तीनशे, १५.५२ हे १५.५२च पोचतात. पॅनेलमध्ये २५० ओहमच्या रोधातून हा प्रवाह गेला, की एका अंशाचे ४० मिलिव्होल्ट होतात. सेन्सरपाशी ०.३८ होते, ते शंभरपटीहून अधिक झाले, आणि मधल्या लांबलचक तारेने त्यातलं काहीही खाल्लं नाही.

मग सुरुवात शून्याऐवजी चारपासून का? याच्या आधी कारखाने हवेच्या दाबावर चालत, आणि तिथेही संकेत ३ ते १५ पीएसआय असा असे. तळ मुद्दाम वर उचललेला होता, आणि एकास पाच हेच प्रमाण पुढे विजेत आलं. तळ शून्य असता तर दोन अगदी वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसल्या असत्या: दूध शून्य अंशाचं आहे, आणि तार तुटली आहे. चारावर तळ ठेवला की शून्याला स्वतःचा अर्थ मिळतो. काही आलंच नाही म्हणजे बोलणाराच उरलेला नाही. शिवाय या चार मिलिअँपिअरवर ट्रान्समीटर स्वतः जगतो. त्याला विजेची वेगळी तार नसते. पॅनेलमधून आलेल्या दोन तारांवर २४ व्होल्ट असतात, त्यातूनच तो आपली वीज घेतो आणि त्यांच्यातूनच निरोप पाठवतो. सगळ्यात थंड आकडा सांगतानाही त्याच्या वाट्याला चार मिलिअँपिअरच्या आतबाहेरच प्रवाह येतो. बारा व्होल्ट धरले तर हिशेब ०.०५ वॉटच्याही आत राहतो. तेवढ्यात सेन्सरला विचारायचं, मोजायचं, बाक सरळ करायचा आणि बाहेरचा प्रवाह काटेकोर धरून ठेवायचा. पोटापुरतं इतकं कमी आणि काम इतकं चोख.

आता ज्यासाठी मी तुम्हाला नळीच्या या टोकापाशी आणलं ती गोष्ट. कांडीतली प्लॅटिनमची तार एखाद्या दिवशी तुटते. सतत थरथरणाऱ्या नळीवर ती कधी ना कधी तुटणारच. तुटलेल्या तारेचा रोध अनंत. आणि पीटी-१००च्या भाषेत जास्त रोध म्हणजे जास्त तापमान! सेन्सर मेला की त्याचं शेवटचं बोलणं ‘दूध प्रचंड गरम आहे’ असं ऐकू येतं. व्हॉल्व्हने ते खरं मानलं तर कच्चं दूध बिनदिक्कत पॅकिंगला जाईल. सेन्सर खोटं बोललेला नाही, त्याच्याकडे ‘मी तुटलो’ म्हणायला शब्दच नाही. तो शब्द ट्रान्समीटरकडे असतो. तार तुटल्याचं ओळखून तो मोजमापाच्या पट्ट्याबाहेरचा प्रवाह धरतो: ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याहून खाली, नाहीतर २१ किंवा त्याहून वर. नामूर या जर्मन संघटनेच्या एनई-४३ शिफारशीत या हद्दी आखून दिलेल्या आहेत, आणि खरं मोजमाप ३.८ ते २०.५च्या आतच राहतं. त्यामुळे आजार आणि आकडा यांची गल्लत होत नाही.

खाली की वर, हे ट्रान्समीटर बसवणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि इथे त्या माणसाची समज दिसते. व्हॉल्व्हला निर्णय देणाऱ्या ट्रान्समीटरला ‘खाली जा’ असं शिकवायचं. तार तुटली की आकडा तळाशी जातो, व्हॉल्व्हला दूध थंड वाटतं आणि ते मागे वळतं. व्हॉल्व्हची स्प्रिंगही त्याच शहाणपणाने बसवलेली असते. हवेचा दाब गेला तर दूध मागेच फिरतं. पण त्याच पाश्चरायझरमध्ये तापवणीवर लक्ष ठेवणारा दुसरा सेन्सर असतो, वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवणारा. त्याच्या ट्रान्समीटरलाही ‘खाली जा’ म्हटलं, तर तार तुटताच कंट्रोलरला दूध थंड भासेल, वाफ पूर्ण उघडेल आणि प्लेटांवर दूध जळून चिकटेल. म्हणून त्याला ‘वर जा’ शिकवायचं. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन सारख्या चकत्या, एकाच मशीनवर हाताच्या अंतरावर बसवलेल्या, आणि मरणाच्या क्षणी दोघींनी विरुद्ध दिशेला बोट दाखवायचं. कॉन्फिगरेशनच्या पडद्यावर ही एक ओळ असते. ज्याने ती विचार करून भरली, त्याला या यंत्राचा गाभा कळला.

नव्या ट्रान्समीटरमध्ये याच दोन तारांवर हार्ट नावाचा दुसरा संवादही चालतो. मुख्य प्रवाहावर अर्ध्या मिलिअँपिअरची लहर स्वार होते, १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत. वरखाली सारखी असल्यामुळे तिची सरासरी शून्य येते आणि तापमानाचा आकडा हलत नाही. हे हुशारीचं काम आहे, पण वर सांगितलेल्या गोष्टींच्या तोडीचं मी मानत नाही. आणि ट्रान्समीटर सगळीकडे हवाच असंही नाही. पॅनेल चार मीटरवर असेल, मोटारी दूर असतील, तर तीन तारा सरळ प्लांटच्या कंट्रोलरच्या (पीएलसीच्या) आरटीडी कार्डात न्याव्यात. कार्डाच्या आत तीच वजाबाकी आणि तोच बाक सरळ करण्याचं काम चालतं. काम वगळता येत नाही, ते कुठे बसून करायचं एवढंच बदलतं.

दोघांची पारख वेगळी वेगळीच करावी लागते. ट्रान्समीटर तपासायचा तर सेन्सर सोडवून ट्रान्समीटरच्या टर्मिनलला डेकेड बॉक्समधून, म्हणजे हवा तो रोध लावता येणाऱ्या पेटीतून, १२७.८४ ओहम द्यायचे आणि १५.५२ मिलिअँपिअर येतात का ते बघायचं. दुधाचा थेंबही लागत नाही. सेन्सर तपासायचा तर त्याला खरोखरची उष्णता द्यावी लागते. बर्फाच्या भुग्यात १०० ओहम येतात का ते बघायचं, मग तापमान काटेकोर राखलेल्या बाथमध्ये पुढचे आकडे. बाजारात मिळणारा ए वर्गाचा पीटी-१०० सुद्धा ७२ अंशांवर पावणेतीन-तीन दशांश अंशांनी इकडेतिकडे असू शकतो. बी वर्गाचा तर ०.६६पर्यंत. तेवढी मोकळीक प्रमाणानेच दिलेली आहे.

ही मोकळीक आवळायची एक देखणी रीत आहे. एका विशिष्ट कांडीला बाथमध्ये बुडवून तिचे स्वतःचे गुणांक काढतात, ज्यांना कॅलेंडर आणि व्हॅन ड्यूसन यांची नावं आहेत, आणि ते आकडे तिच्या डोक्यावरच्या ट्रान्समीटरमध्ये भरतात. मग तो पुस्तकातल्या आदर्श प्लॅटिनमचा बाक सरळ करत बसत नाही. या एका कांडीतल्या, या एका तारेचा बाक सरळ करतो. अशी जोडी जमली की मेंटेनन्सवाले दोघांच्या अंगावर एकच नंबर कोरतात. कांडी बदलली की नव्या कांडीचे गुणांक आधी भरायचे आणि मगच व्हॉल्व्ह ऑटोवर टाकायचा.